टाकीतली एकादशी

मृण्मयीला कळा सुरू झाल्या आणि नेमका गाडीचा लाल दिवा पेटला. भाताच्या पेजेपासून इंधन करणारे टाकीतले जीवाणू ढिम्म होते. यमुनाबाईंनी झाकण घट्ट आवळलं, टाकी शेकली, सुनेसाठी केलेली पेज ओतली. एक बुडबुडा येईल तर शपथ!

"मेले की काय गं?" म्हणत सारंगने तपासयंत्र लावलं आणि ओरडलाच, "आई, जिवंत आहेत! दर पंधरवड्याला एक दिवस काही खातच नाहीत म्हणे!"

यमुनाबाईंनी मनाशी तिथी मोजली. आज एकादशी. एरवी त्या दिवशी घरात भात नसे, म्हणून टाकीलाही पेज नसे. द्वादशीला मात्र पारण्याच्या दहीपोह्यांचा पहिला घास यमुनाबाई टाकीत घालत. मुक्या जिवांनी व्रतच धरलं होतं!

"आई, करा ना काहीतरी!" मृण्मयी कळवळली.

यमुनाबाईंनी पारण्याचे दहीपोहे आजच कालवले आणि पहिला घास टाकीत सोडला. आत बुडबुडे उठले. दिवा विझला.

"बस लवकर!" सारंगने मृण्मयीला हाक मारली.

यमुनाबाईंनी वाटीतला दुसरा घास स्वतःच्या तोंडात घातला.

"आई, तुझा उपास!"

"त्यांचा मी मोडला रे," त्या हलकेच म्हणाल्या, "मग माझा एकटीचा कोणत्या तोंडाने ठेवू?"