नळाची ओढ

नळाने तिचा तळहात धरून ठेवला.

नर्सने हात हिसडला तेव्हा 'पच्' असा आवाज झाला. तळहाताच्या मधोमध लाल गोल उमटला होता. मोरीतल्या त्या नळातून हवा आत जात होती. झोपलेलं माणूस तोंड उघडं टाकून श्वास घेतं, तशी. फरक एवढाच, की हा श्वास आतच जात होता. बाहेर येत नव्हता.

"बघितलंस?" म्हातारी म्हणाली. "मी सांगायचे तर सून हसायची. म्हणायची, सासूबाई, नळ काय तान्हं बाळ आहे का, ओढायला!"

सून आता हसत नव्हती. सातवा महिना, आणि डोळे पिवळेजर्द. काल नर्सनेच तिला गाडीत घालून हॉस्पिटलात पोचवलं होतं. कावीळ, त्यात दोन जिवांची. डॉक्टर म्हणाले होते, भरवसा देता येत नाही. गल्लीतली ती एकोणिसावी.

नर्सने आपल्या परीने सगळं करून पाहिलं होतं. गावाच्या टाकीतलं पाणी तपासलं, स्वच्छ. मोठ्या रस्त्यावरच्या नळाचं तपासलं, तेही स्वच्छ. आजार मात्र गल्लीच्या या टोकाकडून एकेक घर घेत पुढे सरकत होता. वर्गणी मागायला आल्यासारखा. एकही दार चुकवत नव्हता.

"पाणी कधी येतं, आजी?"

"सकाळी वीस मिनिटं. पहिली कळशी प्यायला भरायची, नंतरचं धुण्याभांड्याला. पाणी गेलं की हे ओढणं सुरू. आधी जरा वेळ असायचं, आता दुपार होते तरी थांबत नाही. परवा तोंडाला फडकं लावलं, तर निम्मं गिळलं मेल्याने."

"सिस्टर, बाहेर या," तिने सोबत आणलेल्या नळाच्या फिटरने दारातून हाक मारली. एरवी हा माणूस दर वाक्याला कोटी करायचा. आज त्याचा आवाज उतरला होता. "आजी, नळ घट्ट बंद करा."

त्याने दारासमोरच्या गटारावरची फरशी उचलून ठेवली होती. पाण्याचा पाइप गटाराच्या पोटातूनच गेला होता. सांधा गंजून फुटला होता. आजीने आत नळ पिळून बंद केला, आणि सांध्याजवळच्या काळ्या पाण्यात एक बारीक भोवरा फिरू लागला.

"गटार वाहतंय," नर्स म्हणाली.

"वाहत नाहीये. आत जातंय." फिटर उकिडवा बसला होता, तो उठला. "वीस घरं होती तेव्हाची ही लाइन. आता दोनशे झाली. घरं वाढली, पाइप तोच. त्यात कुणीतरी थेट लाइनलाच मोटर लावलीय. चांगली दांडगी. पाणी संपलं की ती गटार ओढते, आणि पाइपात जे राहतं ते सकाळी पहिल्या कळशीत येतं."

"कुणी लावलीय?"

"ओढ वाढेल तिकडे जा, सापडेल. मी इथं नळावर हात ठेवून थांबतो. मोटर बंद झाली की मला लगेच कळेल."

ती निघाली. भर दुपारी गल्ली चिडीचूप होती. दर दोन-तीन घरांनी ती आत जाई, नळ सोडी, तळहात लावी. शिंप्याकडे हात जोरात खेचला गेला. शिंपी कापडाच्या गठ्ठ्यावर आडवा होता. त्याने पिवळे डोळे उघडून पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतले. शाळेच्या हौदाजवळच्या नळावरून हात सोडवताना कातडी ताणली गेली. ज्याच्याकडे मोटर सापडेल त्याला काय काय सुनवायचं, ते ती मनात जुळवत होती. जनाची नाही, मनाची तरी?

कोपऱ्यावर सात मजली नवी इमारत होती. इथंच असणार. वॉचमन हात झटकत म्हणाला, "आमच्याकडे टँकर येतो, मॅडम. पाहिजे तर बघा." तिने बागेतल्या नळाला हात लावला. ओढ इतकी होती, की तिला दुसऱ्या हाताने तो सोडवावा लागला. पण मोटरीचा आवाज कुठंच नव्हता. म्हणजे अजून पुढे.

पुढे एकच भिंत होती. त्या भिंतीतलं मागचं फाटक नर्सच्या पायाखालचं होतं. रोज त्यातूनच ती कामावर यायची.

हॉस्पिटलच्या लाँड्रीमागे पत्र्याची खोली होती. आत दोन मोटरी घुमत होत्या. एक जुनी, एक नवीकोरी, अंगावरचं प्लॅस्टिकही न काढलेली. मोटरवाला स्टुलावरून उठला. "सिस्टर, तुम्ही इकडे कशा?"

तिने दोन्ही बटणं बंद केली.

घुमणं थांबलं. काही क्षणांत तिचा फोन वाजला. "सुटला!" पलीकडून फिटर ओरडला. "हात सुटला, सिस्टर! कुणाकडे होती?"

तिने फोन बंद करून खिशात टाकला.

"अहो, हे काय करताय?" मोटरवाला बटणाकडे धावला, पण ती आडवी उभी राहिली. "वर अख्खा वॉर्ड भरलाय! पाणी नको का त्यांना?"

"टँकर मागवा. आणि मोठ्या डॉक्टरांना खाली बोलवा. ते येईपर्यंत मी इथून हलणार नाही."

"पण आमची चूक काय, ते तरी सांगा," तो काकुळतीला आला. "आधी एकच होती, भागायचं तेवढ्यात. मग दोन महिन्यांपूर्वी काविळीचे पाच-सहा पेशंट आले, पाणी पुरेना, म्हणून ही दुसरी बसवली. आणि काय पायगुण म्हणायचा हिचा! तेव्हापासून पेशंट थांबायलाच तयार नाहीत."