कापलेला अग्रलेख

दत्तप्रसादांनी अग्रलेखाचं पान उघडलं आणि त्यातून त्यांना पलीकडे उभे असलेले आप्पासाहेब दिसले. पानाच्या डाव्या बाजूला लांबट भोक होतं. अग्रलेख कुणीतरी कात्रीने व्यवस्थित कापून घेतला होता.

मंदिराच्या अंगणात भजनी मंडळाची तीस-चाळीस माणसं जमली होती. समलिंगी विवाहाचा खटला दिल्लीत चालू होता, आणि अशा लग्नांना मान्यता द्यावी असं या दैनिकाने सरळ छापलं होतं. म्हणून आज त्याची होळी करायची होती. प्रत्येकाने आपापल्या घरचा अंक आणायचा. जाळण्याआधी अग्रलेख मोठ्याने वाचायचा, म्हणजे आपण काय जाळतोय ते लोकांना कळेल, ही सूचना मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब यांची. दत्तप्रसादांचा आवाज खणखणीत, म्हणून वाचन त्यांच्याकडे आलं. त्यांनी स्वतः काही तो वाचला नव्हता. असलं वाचायचंच कशाला, म्हणून सकाळी अंक न उघडताच टीव्हीशेजारी ठेवून दिला होता.

"वा!" आप्पासाहेब ओरडले. "याला म्हणतात निष्ठा! आधीच कापून फेकला. असला विटाळ देवाच्या दारात उच्चारायचाच कशाला?"

टाळ्या पडल्या. तात्याराव तेवढे म्हणाले, "मग आता जाळायचं काय? राशिभविष्य?" कुणीही हसलं नाही.

दत्तप्रसादांनी अंक आगीत टाकला. टाळ्या घेतल्या खऱ्या, पण अग्रलेख त्यांनी कापलाच नव्हता. अंक सकाळपासून घराबाहेर गेला नव्हता. घरात माणसं तीन.

घरी जाताना त्यांच्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. मुलगा अनिरुद्ध तेहतिशीचा झाला होता. खराडीत चांगली नोकरी, पण आलेलं प्रत्येक स्थळ त्याने न बघताच नाकारलं होतं. दर शनिवारी तो अभय नावाचा मित्र मुक्कामाला. सकाळी पेपरही अनिरुद्धनेच मागितला होता. मंडळाला कळलं तर काय, असं आधी त्यांच्या मनात आलं, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली. मंडळ गेलं खड्ड्यात, पोरगं हातचं गेलं तर? आपण चारचौघांत त्यालाच जाळून आलो, असं वाटून ते रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले.

अनिरुद्ध हेल्मेट घेऊन बाहेर पडतच होता. त्यांनी दारातच विचारलं, "अग्रलेख तू कापलास?" आवाज खणखणीत राहिला नव्हता.

"बाबा, मी पेपर मोबाइलवर वाचतो. सकाळी मागितला तो चपलांचा रॅक पुसायला," तो म्हणाला. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून हसला. "आणि तुमच्या मनात जे चाललंय ना, तसं काही नाहीये. अभयचं मे महिन्यात लग्न आहे, अपेक्षाशी. पत्रिका फ्रिजवर आहे. माझं म्हणाल, तर मला इतक्यात लग्नच नकोय. कुणाशीच."

तो जिना उतरून गेला. दत्तप्रसादांच्या जिवात जीव आला. ते स्वयंपाकघरात गेले, स्टुलावर बसले आणि एकटेच हसायला लागले. त्यांच्या पत्नी द्वारकाबाई कोथिंबीर निवडत होत्या.

"म्हणजे तू कापलंस होय! अगं, मला वेड लागायची वेळ आली होती. मागच्या बाजूला पाककृती असणार कुठलीतरी."

"मागे सिमेंटची जाहिरात होती," द्वारकाबाई म्हणाल्या.

"मग कापलंस कशाला?"

"तुम्ही जाळायला नेणार होतात म्हणून. मला ठेवायचा होता."

"अनिरुद्धसाठी? तुलाही त्याचाच संशय आला?"

"त्याचा काय संबंध?"

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले. दत्तप्रसादांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून गेलं नव्हतं. त्यांना काहीच कळलं नव्हतं, आणि ते बघून द्वारकाबाईंना त्यांची कीव आली. त्या समोर येऊन बसल्या.

"अहो, पस्तीस वर्षं तुमचा संसार केला. कशात कमी पडले नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पण माझ्याविषयी कुणी लिहिलेलं मी आज पहिल्यांदा वाचलं."