कप्तानची गाडी

नवरा बॉनेट उघडून आत डोकं घालून बसला होता आणि त्याची बायको, सासरी सगळ्यांची धाकटी, मनातल्या मनात म्हणत होती, आटप रे बाबा, लवकर आटप.

गाडी करड्या रंगाची, पाच माणसं आरामात मावतील अशी. जुनी, पण जपलेली. मालक घड्याळजी होते. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केली. आता त्याच डोळ्यांनी दगा दिला म्हणून आधी दुकान बंद केलं आणि मग गाडी विकायला काढली. ते फाटकाला टेकून उभे होते. गिऱ्हाईक बॉनेटमध्ये शिरलं होतं, पण त्यांची नजर धाकटीवरच होती.

"घरी कोण कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"आम्ही दोघं, दोन मुली आणि सासूबाई," ती म्हणाली. "सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलंय. स्कूटरवर बसवत नाही त्यांना. आणि दवाखाना तर सुटत नाही."

"गाडी हीच घेतेय बरं का," नवरा बॉनेटच्या आतून म्हणाला. "घरबसल्या ऑनलाइन काम करते. टायपिंगचं. आधी मी हसायचो, आता माझीच बोलती बंद."

"टायपिंग," घड्याळजी म्हणाले. "बरं असतं का काम?"

"ठीक असतं," ती म्हणाली आणि पर्सचा पट्टा उगाच सारखा करत राहिली.

घरात जाऊन बसल्यावर भावाचं बोलणं सुरू झालं. नवऱ्याने आकडा सांगितला तसे घड्याळजी हसले. त्यांनी आपला आकडा सांगितला तेव्हा नवरा हसला. मग दोघंही हसायचे थांबले. नवरा टायरांवर घसरला, मग सीटच्या कापडावर, मग रंगावर. घड्याळजी ऐकत राहिले, पण तसूभर हलले नाहीत.

"चला गं," नवरा शेवटी उठला. "गाड्या काय, छप्पन्न मिळतील."

"बसा," घड्याळजी म्हणाले. "मुलाला विचारतो. परदेशात असतो तो. त्याच्या शब्दाबाहेर मी नाही."

त्यांनी फोन नाकाशी धरला आणि एकेक अक्षर शोधत लिहू लागले.

धाकटीच्या पर्समध्ये फोन थरथरला.

"तुझा वाजतोय," नवरा म्हणाला.

"असू दे."

"अगं, आईचा असेल. बघ तरी."

ती बाहेर पायरीवर गेली. दाराकडे पाठ केली आणि फोन काढला. निरोप कप्तानचा होता. 'माणसं आली आहेत. भाव पाडून मागतात. काय करू?'

घरी टायपिंग सांगितलं होतं ते खोटं नव्हतं, फक्त पुरतं खरं नव्हतं. ज्यांना आईवडिलांशी बोलायला फुरसत नाही अशांच्या नावाने त्यांच्या आईवडिलांना रोज लिहायचं, हे तिचं काम. कंपनी मुलांकडून पैसे घ्यायची आणि तिचा वाटा तिला द्यायची. घड्याळजींचा मुलगा तिचं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक. कधी महिना चुकवला नाही, कधी खोट काढली नाही. सुरुवातीलाच कळवलं होतं त्याने: वडिलांना कप्तान म्हणायचं आणि रागवायचं भरपूर. त्याप्रमाणे ती लिहीत गेली. जेवलात का, कप्तान. उन्हात कशाला गेलात, कप्तान. हळूहळू ते रागावणं खरं होऊन बसलं होतं.

गाडी नुसती उभी आहे असं त्यांनी लिहिलं तेव्हा तिने विकायला सांगितलं. इथवर ठीक होतं. पण मग तिने पुढे लिहिलं, 'ओळखीतलं एक कुटुंब येईल. त्यांनाच द्या.' नवऱ्याला मात्र जाहिरात पाहिली असं सांगितलं. कंपनीची सक्त ताकीद होती: लिहिणाऱ्याने समोर जायचं नाही.

अंगठा स्क्रीनवर अडला. 'तुमच्या भावाला धरून राहा' असं लिहिता आलं असतं. तेच बरोबर होतं. पण स्कूटरवरून उतरताना सासूबाई ओठ चावायच्या, ते तिच्या डोळ्यांसमोर आलं.

'द्या, कप्तान. माणसं भली आहेत.'

आत फोन किणकिणला. ती परत येऊन बसली तेव्हा आपल्याच बापाच्या खिशात हात घातल्यासारखं तिला वाटत होतं.

"भली माणसं आहेत म्हणतो," घड्याळजींनी वाचून दाखवलं. "मग तुमच्याच भावात घ्या."

पुढचं सगळं झटपट झालं. तिने फोनवरून पैसे पाठवले, कागदांवर सह्या झाल्या. नवऱ्याने किल्ली घेतली. एक चक्कर मारून गाडी दाराशी आणतो म्हणाला आणि पोरासारखा पळाला.

खोलीत दोघंच उरली.

"छान लिहितेस तू, पोरी," घड्याळजी म्हणाले.

"कोण? मी?"

"एक कुटुंब येईल म्हणालीस तेव्हाच कळलं मला. आणि मघाशी मी लिहिलं तसा तुझा फोन वाजला."

ती नाही म्हणायला गेली. पण एकदम सगळं बाहेर पडलं. "चुकलं माझं. गाडी परत घ्या, नाहीतर तुम्ही म्हणाल तो भाव देते. फक्त तुमच्या मुलाला सांगू नका. त्याने तक्रार केली तर माझं काम जाईल. त्याच्याच पैशांवर उभं आहे आमचं."

"तो तक्रार करायचा नाही."

"कशावरून?"

"तो गेला, पोरी. तापाचं निमित्त झालं. तुझी माझी गाठ पडली त्याच्याही आधी."

बाहेर हॉर्न वाजला. मग पुन्हा एकदा, लांबलचक. नवऱ्याला गाडी आवडली होती. धाकटी जागची हलली नाही.

"पण पैसे येतात," ती म्हणाली. "दर महिन्याला, त्याच्या नावाने. ते कोण भरतं?"

"मीच," घड्याळजी म्हणाले. "त्याला माझ्याशिवाय आहे कोण?"