लाल लाख

रेडिओ वाजला तर राडिमच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या: सासऱ्याचं धरणाकाठचं लाकडी घर आणि त्याच्या तोंडून एखादा बरा शब्द. त्यातल्या त्यात घर मिळण्याची शक्यता जास्त होती.

सासरा सिरिल, ऐंशीचा. रविवार सकाळपासून स्वयंपाकघरात खुर्ची टाकून तो जावयाच्या हातांकडे बघत बसला होता, वाणी मापात मारतोय का म्हणून बघावं तसा.

"जावईबापू, मंगळवारी संग्रहालयात मांडायचाय तो. युद्ध संपल्याला पन्नास वर्षं झाली म्हणून महापौर येणार. त्यांच्यासमोर नुसता खाकरला तर माझी काय राहील?"

"कॅपॅसिटर बदललेत, बाबा. व्हॉल्व्हही तापतायत. आज बोलेल."

"नुसता बोलून भागत नाही. लंडन बोललं पाहिजे."

लंडन ही सिरिलची उभ्या जन्माची कमाई. जर्मनांच्या अमलात हुकूम निघाला होता: प्रत्येक रेडिओतून शॉर्टवेव्ह काढून टाका, परदेश ऐकाल तर फाशी. लोक मग तारेचं अंगठ्याएवढं वेटोळं करून गुपचूप आत जोडत आणि त्याला लाडानं 'चर्चिल्का' म्हणत. सिरिलनंही जोडली, लंडन ऐकलं. वरच्या मजल्यावरच्या कालुसनं चुगली केली आणि सिरिल दोन आठवडे कोठडीत मार खाऊन आला. युद्ध संपल्यावर त्यानं कोर्टात कालुसकडे बोट दाखवलं. कालुस तुरुंगात गेला तो तिथंच मेला. मग घरांची अदलाबदल झाली. सिरिल वर या प्रशस्त घरात आला आणि कालुसची बायको-मुलगी खाली अंगणाकडच्या एका खोलीत गेल्या. मुलगी, लिबुशे, अजून तिथंच राहते. जिन्यात भेटली तर या घरातलं कोणी तिला नमस्कार करत नाही.

राडिमनं नवी चर्चिल्का करून ठेवलीच होती. त्यानं रेडिओ आडवा केला, आत्तापर्यंत हात न लावलेली तळाची फळी काढली, कुंचल्यानं धूळ झाडली आणि थांबला.

कापलेल्या दोन तारांची टोकं लाल लाखेत बुडवलेली होती. लाखेला नखाचाही ओरखडा नव्हता. आणि चर्चिल्का जोडायला या दोन टोकांखेरीज दुसरी जागाच नव्हती.

"बाबा, तुम्ही चर्चिल्का जोडली होती कुठं?"

"आत."

"आत कुठं? हे तर कोणी उकरलेलंच नाही."

चुलीपाशी पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात सोडणाऱ्या ब्लांकाचा हात थबकला. ती सिरिलची मुलगी. लंडनच्या गोष्टीवरच वाढलेली.

सिरिलनं चष्मा काढून पुसला. "ती लाख कालुसची. रेडिओ-मेकॅनिक होता ना तो. हुकूम आला तेव्हा गल्लीतले सगळे रेडिओ त्यानंच कापले."

"मग तुम्हाला उचललं कशासाठी?"

"डुकरासाठी." म्हाताऱ्यानं चष्मा परत चढवला. "परवान्याशिवाय कापलं होतं. आता डुकरापायी मार खाल्लेल्या माणसाला संग्रहालयात कोण मांडणार, सांग."

संग्रहालयानं आपला मेकॅनिक देऊ केला होता. सिरिल म्हणाला होता, नको, घरचा माणूस बरा. धरणाकाठचं घर कशाचा मोबदला होता, ते राडिमला आत्ता कळलं. त्यानं बायकोकडे पाहिलं.

"जेवणाआधी उरक ते," ब्लांका वळून न बघता म्हणाली. "मला टेबल मोकळं लागतं."

राडिमनं चाकू घेतला. लाख कडक झाली होती, पण सुटली. तिचे लाल कण खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर पडले. उघड्या टोकांना त्यानं चर्चिल्का डाग देऊन जोडली, बटण फिरवलं. आधी खरखर, मग शीळ, मग कोणी गृहस्थ अगदी शांतपणे इंग्रजीत बोलू लागला.

"वाढव आवाज," सिरिल म्हणाला. "आणि खिडकी उघड. ऐकू दे की जगाला."

जगाआधी लिबुशेनं ऐकलं. बेल वाजली म्हणून राडिमनं दार उघडलं, तर ती उंबऱ्याबाहेर उभी, अंगात घरातला झगा, धापा टाकत. कोणाच्याही घरी जाताना काढावा तसा एक बूट तिनं काढलासुद्धा होता.

सिरिलकडे तिनं पाहिलंच नाही. राडिमला म्हणाली, "तुम्ही उघडलात ना तो? आत लाख होती का हो? लाल, तारांच्या टोकांना? बाबा कोर्टात शेवटपर्यंत तेच सांगत होते, रेडिओ उघडून बघा, माझी लाख शाबूत असेल. कोणी उघडलाच नाही."

मागं ब्लांकानं वर्तमानपत्राची चौपदरी घडी केली आणि केराच्या बादलीत टाकली. तो आवाज राडिमनं नीट ऐकला.

"नाही," तो म्हणाला. "लाखबिख काही नव्हती."

"बघा ना नीट आठवून."

"नव्हती म्हटलं ना, बाई."

लिबुशेनं दाराची चौकट धरली. "म्हणजे बाबाच खोटं बोलत होते." आता कुठं तिनं म्हाताऱ्याकडे पाहिलं. "सिरिलकाका, माफ करा आम्हाला. इतकी वर्षं मी मनातल्या मनात तुम्हालाच शिव्या देत आले."

"असू दे, पोरी," सिरिल म्हणाला. "मी तर त्याला केव्हाच माफ केलंय."

तर हिशेब असा मिटला: माफी तिनं मागितली आणि सिरिलनं ती दिली. आत या, असं कोणी म्हणालं नाही. गार फरशीवर एका मोज्यावर ती जराशी थांबली, मग वाकून तिनं बूट परत पायात घातला. नाडी काही केल्या बांधली जाईना, आणि तिची ती बांधून होईपर्यंत दार लावण्यासाठी तिघं ताटकळत उभी राहिली.