पंचेचाळीस अंश

पेशी होरपळायला लागली की तिच्यातलं एक जनुक जागं होतं, एक एन्झाइम बनवतं आणि ते पेशीला वाचवतं. पण पंचेचाळीस अंशांवर त्याला तेवढी सवडच मिळत नाही. लॅबमधल्या सगळ्यांच्या पेशी मरायच्या. माझ्या मात्र जगत होत्या, सलग अकरा वेळा. “हाताला गुण आहे माझ्या,” मी सांगत सुटले होते.

सर म्हणाले, “उद्या माझ्यासमोर कर. सकाळपासून खोलीत तिसरं कुणी नको.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या बाटल्यांतल्या पेशी मेल्या. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी रडायचीच बाकी होते.

तेवढ्यात साफसफाईच्या मावशी दार ढकलून आत आल्या. “मला सकाळी बाटल्यांचं उबेचं कपाट पुसू दिलं नाहीत. गेली ना बाळं?”

“त्याचा काय संबंध, मावशी?”

“अगं, पुसताना बाटल्या काय गार फरशीवर ठेवू? शेजारच्या ओव्हनवर ठेवते तासभर, वरून कोमट असतो तो. दुपारी तू त्यांना भाजायला काढणार, हे ठाऊक असतं मला. आधी थोडी सवय नको व्हायला?”

सर उठले. स्वतःची खुर्ची त्यांनी मावशींकडे सरकवली आणि माझ्या हातात पेन दिलं.

“मावशी, कोमट म्हणजे कितपत?”

“हाताला सोसेल इतकं.”

“लिही,” सर मला म्हणाले. “आणि गुण कुणाच्या हाताला, तेही लिही.”