घ्या आणि घे

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा: आईच्या अंत्यविधीहून घरी परतलेली माणसं आणि जर्मन रीतीप्रमाणे त्यांना केक देणारी नऊ वर्षांची शाल्मली. तिला जर्मनीत येऊन तीनच महिने झाले होते.

"मोठ्यांना म्हणायचं 'नेमन झी', घ्या. मुलांना 'निम', घे," शेजारच्या मराठी आजींनी शिकवलं. "आणि तुझ्या बाबाला खायला लाव गं. दोन दिवस उपाशी आहे तो."

ती घरभर फिरली. नेमन झी. निम. नेमन झी. रडू काही येत नव्हतं.

बाबांपुढेही तिने ताटली धरली. "नेमन झी."

"मी काय पाहुणा आहे?" बाबा पुटपुटले. "नको मला."

शाल्मलीने ताटली खाली ठेवली, केकचा तुकडा मोडला आणि बाबांच्या ओठांशी नेला.

"आ कर," ती म्हणाली.