लाल ठिपका

“चिप सापडत नाही,” कॉम्प्युटरने पुन्हा तेच सांगितलं आणि दर्शनाचा संशय पक्का झाला. चिपमध्ये प्रोग्राम भरायचं, तिने घरी सोल्डर केलेलं सर्किट काल उत्तम चालत होतं. आज ती चहाला गेली, तेव्हा लॅबमध्ये एकटी मुक्ता होती. परीक्षक तासाभरात तिचं सर्किट तपासायला येणार होते.

“माझी चिप बदललीस ना?”

“मग तुझा ठिपका बघ की,” मुक्ता म्हणाली.

लॅबमध्ये चिपची अदलाबदल होते, म्हणून दर्शना आपल्या चिपवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावी. आज सकाळी नवी चिपही तिने ठिपका लावूनच बसवली होती. ठिपका जागेवर होता. मग हिने वायर उचकटली असणार!

मुक्ताने चिपला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. “भाजतेय! उलटी बसवलीस तू. जळली ही.”

“ठिपका वर धरूनच बसवली!”

“चिपच्या एका टोकाला खाच असते, ती वर हवी. ठिपका तू दुसऱ्याच टोकाला लावलायस.”

दर्शनाने वाकून पाहिलं. खाच खालच्या टोकाला होती. चोर पकडायला लावलेल्या ठिपक्यानेच घात केला होता.

मुक्ताने स्वतःच्या सर्किटमधली चिप काढून तिच्यापुढे धरली. “माझी तपासणी झालीय. घे.”

दर्शनाने सवयीने ती उलटीपालटी करून पाहिली. तिच्यावर कुठेच ठिपका नव्हता.